अंधाराचा मक्ता

इसवी सन १८३५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील लॅकॉक अ‍ॅबी या जुन्या मठाच्या वाड्यात कोणी पाहुणा उतरला असता आणि उन्हे चढल्यावर बागेत फेरफटका मारावयास निघाला असता, तर त्यास हिरवळीवर ठिकठिकाणी, वाड्याकडे तोंड करून ठेवलेल्या, दोन-तीन इंचांच्या ओबडधोबड लाकडी पेट्या दिसल्या असत्या. त्यांच्यापाशी राखणदार नाही, त्यांत कसली हालचाल नाही, आणि तरीही त्या मुद्दाम मांडून ठेवल्या आहेत हे उघड दिसावे, असा तो एकंदर प्रकार होता. वाड्याचा धनी विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट हा गणित, वनस्पतिशास्त्र आणि प्राचीन भाषा या तिन्हींत गती असलेला जमीनदार. त्याने सुताराकडून या पेट्या करवून घेतल्या होत्या. प्रत्येकीच्या पुढच्या अंगास एक लहानसे भिंग, आणि मागच्या अंगास आतून, आधी मिठाच्या पाण्यात व मग चांदीच्या क्षाराच्या द्रावणात भिजवून काढलेला कागदाचा तुकडा. अर्धा तास लोटला की टॅलबट सर्व पेट्या गोळा करून घरात नेई, एकेक उघडी, आणि कागदावर वाड्याची एवढीशी प्रतिमा उमटलेली असे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील एका पत्रात त्याच्या पत्नीने, कॉन्स्टन्सने, या पेट्यांचा उल्लेख ‘उंदरांचे सापळे’ असा केला आहे, आणि वेल्सच्या प्रवासास निघताना त्यांपैकी काही बरोबर घेणार काय, अशी यजमानांस पृच्छा केली आहे.

घरच्या माणसाने थट्टेने ठेवलेले नाव पुष्कळदा शास्त्रज्ञांनी ठेवलेल्या नावापेक्षा नेमके असते. ती पेटी सापळाच होती, आणि तीत सापडावयाचे सावज प्रकाश हे होते. परंतु सुताराने जे बांधून दिले, ज्याच्या सांध्यांतून किरणही शिरू नये म्हणून त्याला खबरदारी घ्यावी लागली, तो होता अंधार. सूर्याचा प्रकाश फुकट आणि अमाप मिळतो, त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. अंधार मात्र मोजूनमापून, चारही बाजूंनी फळ्या ठोकून तयार करावा लागतो आणि केल्यावर सांभाळावा लागतो. फोटोग्राफीच्या इतिहासकारांनी प्रकाशाचे गुणगान यथेच्छ केले आहे, व ते योग्यच आहे. मला मात्र हा सारा इतिहास त्या पेटीतल्या अंधाराच्या मालकीचा वाटत आला आहे. तो अंधार प्रथम कोणाच्या ताब्यात होता, तो कोणाकोणाच्या हातून गेला, आणि शेवटी त्याचा मक्ता कोणी घेतला, एवढाच माझ्या या लेखाचा विषय.

ज्यांनी जुन्या वाड्यांत उन्हाळ्याच्या दुपारी दारे-खिडक्या लावून पडल्या पडल्या समोरच्या भिंतीकडे पाहिले असेल, त्यांना या विद्येचे मूळ निराळे सांगावयास नको. दाराला पडलेल्या एखाद्या भोकातून रस्त्यावरचा उजेड आत येतो आणि भिंतीवर रस्त्याने जाणारी माणसे, बैलगाड्या, छत्र्या पाय वर आणि डोके खाली करून चालू लागतात. इब्न अल्-हैथम या अरबी पंडिताने अकराव्या शतकाच्या प्रारंभी या चमत्काराचा पद्धतशीर अभ्यास केला. इटलीतील देला पोर्ता याने १५५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चित्रकारांना त्याचा उपयोग सुचवला. त्या काळी ही खरोखरच एक खोली असे, आणि पाहणारा तिच्या आत बसे. लॅटिनमध्ये खोलीला ‘कॅमेरा’ म्हणतात, आणि पोर्तुगीजांनी तोच शब्द ‘कामारा’ असा आपल्याकडे आणला; हिंदीतला ‘कमरा’ हा त्याचाच वंशज, व पोर्तुगीज अमदानीतील गोव्याच्या ‘कामारा म्युनिसिपाल’मध्येही तोच. तेव्हा कॅमेरा आणि कमरा हे सख्खे भाऊ आहेत, एक साहेबाच्या घरी वाढला आणि दुसरा आपल्या. पुढे खोलीचा तंबू झाला, तंबूची पेटी झाली, पेटीच्या एका टोकास भिंग व दुसऱ्या टोकास घाशीव काच बसली, आणि माणूस अंधाराच्या बाहेर आला. अठराव्या शतकातले हौशी चित्रकार ही पेटी काखोटीस मारून डोंगरदऱ्यांतून हिंडत आणि काचेवर पडलेले दृश्य कागदावर गिरवून घेत. म्हणजे पेटी तयार होती, भिंग तयार होते, चित्रही पडत होते. ते तिथे टिकत तेवढे नव्हते.

टिकवण्याची सामग्रीही फार दूर नव्हती. चांदीचे क्षार काळे पडतात ते उष्णतेने नव्हे, प्रकाशाने, हे जर्मनीतील शुल्झ याने अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणातच दाखवले होते. इंग्लंडमध्ये टॉमस वेजवुड आणि हम्फ्री डेव्ही यांनी १८०२ साली असे क्षार लावलेल्या कागदावर व कातड्यावर झाडांच्या पानांच्या आणि काचेवरील चित्रांच्या छाया उमटवल्या; परंतु उमटलेली छाया पक्की करण्याचा उपाय त्यांना सापडला नाही, आणि उजेडात नेताच सगळा कागद काळा होई. ज्या उजेडाने चित्र जन्मास घातले त्याच उजेडात ते मरावे, आणि म्हणून ते पाहावयाचे तर मेणबत्तीच्या मिणमिणत्या ज्योतीत, चोरासारखे पाहावे, अशी ती विचित्र अवस्था होती. पेटीतला अंधार पुरेसा नाही, पेटीबाहेर आल्यावरही चित्राला काही काळ अंधाराची सोबत लागते, ही गोष्ट येथे प्रथम लोकांच्या ध्यानात आली.

हा पेच पहिल्याने सोडवला तो फ्रान्समधील शालों-सुर-सोन या गावच्या निसेफोर न्येप्स या खटपट्या गृहस्थाने. चांदीचा नाद सोडून त्याने एक प्रकारचे डांबर हाताळले. हे डांबर प्रकाश लागला की कठीण होते आणि जेथे प्रकाश लागला नसेल तेथे लव्हेंडरच्या तेलाने विरघळून जाते. जस्ताशिशासारख्या दिसणाऱ्या कथलाच्या मिश्र धातूच्या पत्र्यावर त्याने हे डांबर माखले, पत्रा पेटीत बसवला, आणि १८२६ किंवा १८२७ साली आपल्या ल ग्रा येथील घराच्या माडीच्या खिडकीत पेटी ठेवून दिली. निदान आठ तास, आणि काहींच्या मते कित्येक दिवस, भिंग उघडे राहिले. त्यामुळे त्या चित्रात सूर्य पूर्वेलाही आहे आणि पश्चिमेलाही. अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकदमच ऊन पडलेले दिसते, जे सृष्टिक्रमात कोणी कधी पाहिलेले नाही. कॅमेऱ्याने काढलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र ते हेच. न्येप्स १८२७ साली तो पत्रा घेऊन इंग्लंडला गेला आणि रॉयल सोसायटीपुढे आपली कैफियत मांडू लागला. परंतु कृती गुप्त ठेवण्याचा त्याचा हट्ट असल्याने तेथे दाद लागली नाही. पत्रा पुढे हातोहात फिरत अखेर एका ट्रंकेत जाऊन पडला, आणि १९५२ साली गर्न्सहाइम या इतिहाससंशोधकाने तो शोधून काढीपर्यंत पुन्हा अंधारातच राहिला. सध्या तो अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

न्येप्सने १८२९ च्या अखेरीस पॅरिसच्या लुई दागेर याच्याशी भागीदारीचा करार केला. न्येप्स एकांतप्रिय तर दागेर रंगभूमीवरचा माणूस. पॅरिसमध्ये त्याचे ‘डायोरामा’ नावाचे प्रेक्षागृह होते, आणि भव्य पडद्यांवर उजेड कमीजास्त करून तो प्रेक्षकांना दिवसाची रात्र व रात्रीचा दिवस करून दाखवी. न्येप्स १८३३ साली निवर्तला. दागेरने पुढे डांबर टाकून चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा घेतला. तो आरशासारखा घासून आयोडीनच्या वाफेवर धरावयाचा, पेटीत ठेवून प्रकाश दाखवावयाचा, आणि मग, हा खरा शोध, त्यावर अद्याप काहीही दिसत नसताना त्याला तापलेल्या पाऱ्याची धुरी द्यावयाची, की न दिसणारे चित्र हळूहळू वर येते. प्रकाशाने आपले काम केव्हाच उरकलेले असते, त्याची नोंद पत्र्यात गुप्तपणे झालेली असते, आणि ती वाचून काढण्याचे काम मागाहून अंधारात करावयाचे असते, हे दागेरला १८३५ च्या सुमारास उमगले. आठ तासांची मिनिटे झाली ती यामुळे.

फ्रेंच सरकारने या प्रकरणात दाखवलेली तत्परता कोणत्याही सरकारदरबारी दुर्मिळच समजली पाहिजे. ज्योतिषी आरागो याने ७ जानेवारी १८३९ रोजी विज्ञान अकादमीत या शोधाची वार्ता दिली. त्याच उन्हाळ्यात सरकारने दागेरला दरसाल ६,००० आणि न्येप्सच्या मुलाला ४,००० फ्रँकांचा तहहयात तनखा मंजूर करून कृतीचे हक्क विकत घेतले, आणि १९ ऑगस्ट रोजी ती साऱ्या जगास खुली केली. साऱ्या जगास म्हणजे इंग्लंडखेरीज. कारण त्याच्या पाचच दिवस आधी दागेरच्या तर्फे लंडनला पेटंट घेऊन ठेवण्यात आले होते. औदार्य आणि हिशेब ही एकाच वहीत नांदू शकतात याचा हा एक दाखला. पॅरिसच्या अल्फाँस जिरू याने त्याच वर्षी दागेरच्या पद्धतीचा कॅमेरा विक्रीस आणला. एका लाकडी पेटीत दुसरी पेटी सरकते आणि भिंगापासूनचे अंतर त्याप्रमाणे कमीअधिक होते, एवढीच त्याची रचना. पेटीच्या अंगावर दागेरच्या सहीची मोहर, आणि सर्व सरंजामासह किंमत ४०० फ्रँक. सरंजाम म्हणजे पत्रे, आयोडीनची पेटी, पाऱ्याचे पात्र, स्पिरिटचा दिवा, बाटल्या. अंधाराचे एक छोटे संस्थानच गिऱ्हाईक विकत घेत असे.

दागेरने १८३८ साली आपल्या खिडकीतून काढलेले बुलव्हार द्यु ताँप्ल या हमरस्त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. तो वर्दळीचा रस्ता त्या चित्रात ओस पडलेला दिसतो, कारण पत्र्याला प्रकाश लागावयास कित्येक मिनिटे लागत आणि तेवढ्या अवधीत घोडे, गाड्या आणि माणसे आपली कसलीही खूण न ठेवता निघून जात. एका कोपऱ्यात मात्र एक मनुष्य उभा आहे. त्याने बूट पुसून घेण्यासाठी एक पाय वर ठेवला आहे आणि तो तेवढा वेळ हललेला नाही. छायाचित्रात आलेला पहिला माणूस म्हणून त्याची गणना होते. त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. बूट पुसणारा त्याच्या पायाशी अस्पष्ट दिसतो, कारण ज्याला काम करावयाचे त्याला स्थिर राहून चालत नाही.

जानेवारीतील आरागोची घोषणा ऐकून लॅकॉकच्या टॅलबटला काय वाटले असेल, याची कल्पना ज्याने एखादे लेखन तीन-चार वर्षे पेटीत ठेवून दिले आहे त्याला सहज येईल. त्याचा ऑगस्ट १८३५ चा, वाड्यातील जाळीदार खिडकीचा, टपाल तिकिटापेक्षा फारसा मोठा नसलेला कागद अस्तित्वात होता. पण तो जगाला ठाऊक नव्हता. घाईघाईने त्याने आपली चित्रे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मांडली व महिन्याअखेर रॉयल सोसायटीत निबंध वाचला. त्याच्या मदतीस आला ज्योतिर्विद जॉन हर्शेल. ज्याला आपल्याकडचे फोटोवाले आजही नुसते ‘हायपो’ म्हणतात, तो क्षार चांदीच्या संयुगांना विरघळवतो हे हर्शेलने वीस वर्षांपूर्वी पाहून ठेवले होते. चित्र कायम करण्यासाठी तो वापरावा हे त्याने आता सुचवले, आणि दागेरनेही तोच उचलला. ‘फोटोग्राफी’ हा शब्द हर्शेलने १४ मार्च १८३९ रोजी रॉयल सोसायटीपुढील निबंधात वापरून रूढ केला, आणि ‘निगेटिव्ह’ व ‘पॉझिटिव्ह’ हे शब्दही त्याचेच. दागेरचा पत्रा अप्रतिम बारकाव्याचा, पण एकुलता एक. टॅलबटच्या कागदी निगेटिव्हवरून मात्र हव्या तितक्या प्रती निघत. भविष्य कागदाच्या बाजूचे होते. टॅलबटने १८४१ साली आपल्या सुधारलेल्या पद्धतीचे पेटंट घेऊन ते भविष्य काही वर्षे स्वतःच्या कुंपणात डांबून ठेवले, हा भाग वेगळा.

इसवी सन १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने काचेवर कलोडियनचा चिकट थर देऊन निगेटिव्ह काढण्याची रीत प्रसिद्ध केली आणि पेटंट न घेता ती सर्वांना देऊन टाकली. तो सहा वर्षांत गरिबीत वारला. त्याच्या रीतीने कागदाचे सुलभपण आणि पत्र्याचे बारकावे एकत्र आले. परंतु अट अशी की काच ओली असतानाच सगळे आटोपले पाहिजे. काचेवर द्रव ओतायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ठिबकत असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि चित्र घेऊन लगोलग अंधारात परत नेऊन धुवायची. म्हणून फोटोग्राफर जिथे जाई तिथे अंधारी खोली त्याच्यामागून जाई, कधी तंबूच्या रूपाने, कधी हातगाडीच्या. दोन शतकांपूर्वी माणूस अंधारातून बाहेर आला होता. आता अंधार त्याच्या पाठीवर बसला.

या काळात ही विद्या मुंबईस येऊन चांगली रुजली होती. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ ची, आणि मुंबईची १८५४ ची. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था तिच्या मागाहूनच्या. तिच्या सभासदांत गोरे अंमलदार आणि व्यापारी होते तसे एतद्देशीयही होते, आणि त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे प्रमुख; वैद्यक आणि रसायन यांची ओळख असलेल्या माणसाला या कलेचे द्वार लवकर उघडावे हे स्वाभाविकच होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवून दाखवला. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून मुंबईतून एक मासिक चित्रसंग्रह काढला, ज्यात छापील चित्रे नसून अस्सल छायाचित्रे चिकटवलेली असत. सरकारनेही तोफखान्याच्या कॅप्टन बिग्ज याची १८५५ साली विजापूर, बदामी, ऐहोळे येथील प्राचीन वास्तूंची चित्रे घेण्यावर नेमणूक केली. त्याने मात्र ओली काच न घेता कागदी निगेटिव्हचाच आश्रय केला. विजापूरच्या उन्हात कलोडियन काचेवर किती वेळ ओले राहील, याचा विचार केला म्हणजे त्यात नवल वाटत नाही.

मुंबईची संस्था ज्या वर्षी स्थापन झाली त्याच वर्षी, अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील वॉटरव्हिल या गावी जॉर्ज ईस्टमन जन्मास आला. वडील लहानपणीच गेले, चौदाव्या वर्षी शाळा सुटली, आणि पुढे रॉचेस्टर शहरातील एका बँकेत तो कारकुनी करू लागला. सांतो दोमिंगोला सहलीस जाण्याचा त्याचा बेत होता; तिकडील चित्रे घेऊन ये, असे कोणी सहकाऱ्याने सुचवले, म्हणून त्याने १८७७ साली ओल्या काचेचा सगळा सरंजाम विकत घेतला आणि पाच डॉलर देऊन एका व्यावसायिकाकडून त्याचे शिक्षणही घेतले. सहल झालीच नाही. परंतु साबणाच्या खोक्याएवढा कॅमेरा, भक्कम तिवई, काचा, तंबू, द्रावणाचे पात्र आणि पाण्याची भांडी हे लटांबर पाहून त्या काटकसरी कारकुनाच्या मनात आले की चित्र काढावयास निघालेल्या माणसावर तट्टाचे ओझे लादणे हा या विद्येचा दोष असला पाहिजे, धर्म नव्हे.

दोषाचा निम्मा परिहार इंग्लंडमध्ये आधीच सुरू झाला होता. रिचर्ड लीच मॅडॉक्स या डॉक्टराने, कलोडियनमधील ईथरच्या वासाने प्रकृती बिघडू लागल्यामुळे, त्याऐवजी जिलेटिन वापरून पाहिले आणि १८७१ साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. इतरांनी तो सुधारला, आणि पुढील सात-आठ वर्षांत कोरड्या काचा तयार झाल्या, ज्या महिनेच्या महिने ठेवता येत व सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र घेत. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांचा सरस. त्याने ही किमया का करावी हे कोणालाच सांगता येत नव्हते. ईस्टमनच्याच कारखान्यातील शेपर्ड या रसायनज्ञाने १९२० नंतरच्या दशकात उलगडा केला की त्या जनावरांनी खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या वनस्पतींतला गंधकयुक्त अंश सरसात उतरतो, आणि चांदीला तरतरी आणतो. आपल्या स्वयंपाकघरात फोडणीत तडतडणाऱ्या मोहरीचा आणि भिंतीवरच्या आजोबांच्या तसबिरीचा असा संबंध असावा, ही गोष्ट माझ्या मनाला फार सुखावते.

ईस्टमन दिवसा बँकेचे खाते लिही आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात जिलेटिन शिजवी. कित्येकदा तेथेच चुलीपाशी घोंगडे टाकून झोपे. काचांवर थर देण्याचे यंत्र त्याने १८७९ साली सिद्ध केले, आणि १८८१ मध्ये हेन्री स्ट्राँग याच्या भांडवलावर कंपनी उभारली. हा स्ट्राँग चाबूक बनवणारा कारखानदार आणि ईस्टमनच्या आईकडे खोली घेऊन राहणारा बिऱ्हाडकरू. पुढल्याच वर्षी कंपनीच्या काचा नासक्या निघू लागल्या. दोष जिलेटिनमध्ये होता. ईस्टमनने विकलेल्या काचा परत घेतल्या, कंपनी जवळजवळ बसली, पण पेढीची पत राहिली. मग त्याने काच हीच अडचण मानली आणि तिच्या जागी गुंडाळता येणारा पट्टा आणावयाचे ठरवले. पहिला पट्टा कागदाचा होता. कागदावर विरघळणारे जिलेटिन, त्यावर चित्र घेणारा थर. चित्र धुतल्यावर तो थर कागदावरून अलगद सोडवून पारदर्शक पापुद्र्यावर चढवावा लागे. हे काम इतके नाजूक की हौशी माणसाच्या हातून ते होणे शक्य नव्हते, आणि पुढे घडलेल्या मोठ्या क्रांतीचे बीज माझ्या मते या अडचणीतच आहे.

कारण १८८८ साली ईस्टमनने जी पेटी बाजारात आणली, ती काही पहिली पेटी नव्हे. कोरड्या काचा आल्यापासून हातात धरावयाच्या, पार्सलासारख्या दिसणाऱ्या ‘डिटेक्टिव्ह’ कॅमेऱ्यांचा सुकाळ झालाच होता. ईस्टमनची पेटी साडेसहा इंच लांब आणि चारी बाजूंनी कातडे मढवलेली. तिला बाहेरून पाहावयाची खिडकीही नव्हती. ‘कोडॅक’ या तिच्या नावाला कोणत्याही भाषेत अर्थ नाही. ‘के’ हे अक्षर ईस्टमनला आवडे, आणि म्हणून शब्दाच्या आदीअंती ते घातले, एवढीच त्याची व्युत्पत्ती. दोरी ओढावी, म्हणजे झडप सज्ज होई, बटण दाबावे, किल्ली फिरवून पट्टा पुढे सरकवावा, आणि किती चित्रे झाली ते सोबतच्या टिपणवहीत स्वतःच लिहून ठेवावे. शंभर चित्रे निघत, प्रत्येक अडीच इंच व्यासाचे वर्तुळ. भिंगाला कडेचे नीट दिसत नसे, आणि खिडकी नसल्यामुळे पेटी तिरकी धरली जाण्याचा संभव होता. गोल चित्रात हे दोन्ही दोष झाकून जात. किंमत २५ डॉलर. शंभर चित्रे संपली की आख्खी पेटी रॉचेस्टरला पाठवावयाची. १० डॉलरांत चित्रे धुऊन, छापून, नवा पट्टा भरून ती परत येई. बटण दाबणे एवढेच तुमचे काम, बाकीचे सर्व आम्ही पाहून घेऊ, अशा अर्थाची ईस्टमनची जाहिरात जगभर गाजली. लोकांना ती सेवा वाटली, आणि ती सेवा होतीही. परंतु तो पापुद्रा सोडवण्याची विद्या गिऱ्हाइकापाशी नव्हती, आणि पेटी न पाठवून सांगतो कोणाला! अशा रीतीने न्येप्सच्या माडीवरचा, दागेरच्या पाऱ्याच्या धुरीतला, बिग्जच्या छावणीतला अंधार एका कारखान्यात एकवटला. गिऱ्हाइकाकडे उरला तो फक्त उजेड.

वर्षभरातच कागद गेला आणि त्याच्या जागी कचकड्याचा, म्हणजे सेल्युलॉइडचा, पारदर्शक पट्टा आला. त्याचे श्रेय ईस्टमनच्या रसायनज्ञाचे की न्यूअर्कच्या हॅनिबल गुडविन या पाद्र्याचे, यावर दावा उभा राहिला. गुडविनने अर्ज केला होता १८८७ साली, त्याला पेटंट मिळाले १८९८ साली, तो वारला १९०० साली, आणि ईस्टमनच्या कंपनीने त्याच्या वारसदार कंपनीस ५० लाख डॉलर दिले ते १९१४ साली. कोर्टाची पायरी चढलेल्या कोणत्याही मराठी माणसाला या तारखा ओळखीच्या वाटतील. याच कचकड्याच्या पट्ट्यावर एडिसनच्या कारखान्यात हलती चित्रे घेतली गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत सावेदादा भाटवडेकर यांनी मलबार हिलवरील कुस्ती चित्रित केली ती असल्याच पट्ट्यावर. ते स्वतः मुळात फोटोग्राफरच होते. दरम्यान तिकडे बागेत, समुद्रकाठी, रस्त्यात कोणीही अनोळखी मनुष्य पोटाशी पेटी धरून आपले चित्र घेईल या धास्तीने प्रतिष्ठित मंडळी कावून गेली. १८९० च्या डिसेंबरात वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात खासगीपणाचा हक्क मांडणारा जो सुप्रसिद्ध लेख लिहिला, त्यात या झटपट छायाचित्रांचा उल्लेख तक्रारीच्या सुरात आला आहे. बूट पुसून घेणाऱ्या त्या पॅरिसकराला अशी तक्रार करण्याची सोय नव्हती.

पंचवीस डॉलर ही रक्कम तरीही कारकुनाच्या आवाक्याबाहेरची होती. ईस्टमनने आपला पेटीकार फ्रँक ब्राउनेल याला स्वस्तातल्या स्वस्त कॅमेऱ्याची आखणी करावयास सांगितले, आणि फेब्रुवारी १९०० मध्ये ‘ब्राउनी’ बाजारात आली. पुठ्ठ्याचे खोके, वरून नकली कातडे, एकच साधे भिंग, एकच झडप, किंमत एक डॉलर. सहा चित्रांचा पट्टा १५ सेंटांना. नाव पामर कॉक्सच्या बालचित्रकथांतील ब्राउनी नावाच्या खोडकर बुटक्यांवरून घेतलेले, कारण गिऱ्हाईक मुले. पहिल्या काही महिन्यांच्या ब्राउनीचे मागचे झाकण बुटांच्या खोक्यासारखे निघून हातात येई, म्हणून ते लवकरच बदलावे लागले. खिडकी हिलाही नव्हती. पेटीच्या माथ्यावर रेघा ओढलेल्या असत आणि त्यांच्या रोखाने नेम धरावयाचा.

एवढ्या साध्या भिंगातून चित्र स्पष्ट कसे येई, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर पुन्हा त्या दुपारच्या दाराच्या भोकात आहे. भोक जितके लहान, तितके जवळचे आणि दूरचे सारखेच रेखीव. भिंगासमोरचे छिद्र बेताचे ठेवले की सात-आठ फुटांपासून क्षितिजापर्यंत सर्व काही पुरेसे ठीक दिसते आणि भिंग पुढेमागे करण्याचा व्यापच उरत नाही. बदल्यात ऊन भरपूर हवे, आणि माणसाने श्वास रोखून धरावा. कारखान्याकडे पेटी पाठवण्याची गरजही आता उरली नव्हती. कचकड्याच्या पट्ट्यामागे काळ्या कागदाचे अस्तर असे आणि पेटीच्या पाठीस एक लाल काचेची बारीक खिडकी; ही युक्ती बॉस्टनच्या एका कंपनीची, जी ईस्टमनने १८९५ साली कंपनीसकट विकत घेतली होती. त्या लाल खिडकीतून अस्तरावरचा आकडा दिसे, आणि झाडाच्या सावलीत उभे राहून दहा वर्षांचे पोरही पट्टा बदलू शके. ज्याला हौस असेल त्याने घरी धुवावा. ज्याला नसेल त्याने दुकानात द्यावा. बहुतेकांनी दुकानात दिला. पहिल्या वर्षात लाखाहून अधिक ब्राउनी खपल्या. (ईस्टमनचा अंत १९३२ साली, दुर्धर दुखण्याला कंटाळून, स्वतःच्या हाताने झाला, तारीख १४ मार्च, हर्शेलने ‘फोटोग्राफी’ हा शब्द उच्चारला तीच. मी योगायोगांना अर्थ चिकटवणारा नाही, पण नोंद केल्याखेरीज राहवत नाही.)

अशाच एका ब्राउनीची हकीगत सांगतो. कॅनडातील बर्निस पामर नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीला १९११-१२ च्या हिवाळ्यात ही पेटी भेट मिळाली होती. एप्रिल १९१२ मध्ये ती आईबरोबर न्यूयॉर्कहून ‘कार्पेथिया’ या बोटीने भूमध्य समुद्राच्या सफरीस निघाली. १५ तारखेच्या पहाटे ती बोट मार्ग बदलून, बुडालेल्या ‘टायटॅनिक’च्या होड्यांतली सातशेंवर माणसे वर घेत होती. उजाडल्यावर बर्निसने डेकवर येऊन पोटाशी पेटी धरली आणि पाण्यावर तरंगणारा हिमनग टिपला; मग डेकवरची, उसन्या कपड्यांत उभी असलेली, वाचलेली माणसे टिपली. बोट न्यूयॉर्कला परतताच एका वृत्तचित्रसंस्थेचा माणूस तिला भेटला. चित्रे धुऊन, छापून तिला परत देऊ, आणि शिवाय दहा डॉलर देऊ, असे त्याने सांगितले. तिने पट्टा त्याच्या हाती दिला. ते पुठ्ठ्याचे खोके मात्र तिने आयुष्यभर जपून ठेवले, आणि १९८६ साली चित्रांसह वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयास देऊन टाकले.